कोरी बाजू

पत्रकावर माझ्या फोटोखाली पाच मुद्दे छापलेत:
जेट्टी, गटार, संरक्षक भिंत,
सुशोभित किनारा,
आणि गावाच्या तोंडाशी कमान.
कमान मी मागितली नव्हती.
कंत्राटदाराने सुचवली,
मी नाही म्हटलं नाही.

आज ओहोटीला खारदांड्याच्या वाळूत उतरले.
सुशोभित किनारा जिथे होणार, तिथे
हौशामावशी वलांडीवर बोंबील घालत होती,
जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने.
विचारलं, मावशी, काय करू तुमच्यासाठी?
ती म्हणाली, बाजूला हो,
ऊन अडतंय.

गोमा नाखवा म्हणाला,
भिंत घाल गो, पण होडी कुठून काढू
ते पण सांग.
मी मान हलवली.
निवडून आल्यापासून ही मान
फार सैल झालीय.

वलांड्यांची जागा पावलांनी मोजली: बावीस.
नकाशात तिथे बाक आहेत,
सूर्यास्ताकडे तोंड केलेले.

रात्री पत्रक उलटं केलं. कोऱ्या बाजूला लिहिलं:
भिंतीला होडीएवढी फट.
बावीस पावलं तशीच.
जेट्टीवर दोन दिवे, एक नळ,
आणि खालच्या तीन पायऱ्यांचं शेवाळ.
आय तिथेच घसरली होती पाटीसकट,
मी सात वर्षांची.
उठायच्या आधी तिने
पापलेटं मोजली होती.

सकाळी दहाला कमानीचं भूमिपूजन.
नारळ संध्याकाळीच घरी पोचता झालाय,
हळदकुंकू लावून.

तो मी आत्ताच फोडला, खवला.
उद्याच्या कालवणाला होईल.