शेवटचा थांबा, रास अल खैमा

सकाळी अल रम्सच्या खारफुटीत
फ्लेमिंगो दाखवले, एकोणीस.
हेल्गाबाईंनी वीस मोजले.
वीस तर वीस.

दुपारी होडीतून कासव.
डोकं वर काढून त्यानं आम्हाला पाहिलं,
यात काही विशेष नाही असं ठरवून
बुडालं.

संध्याकाळी हॉटेलच्या गच्चीवर वाइन,
त्यांना. मला गाडी चालवायची,
मला लिंबूसोडा.

वेटरनं बाटली फिरवली तेव्हा
लेबलावर बारीक अक्षरांत : दिंडोरी.

"कशी आहे?" मी विचारलं.
बाई म्हणाल्या, आंबट चेरी, थोडा धूर.

मोरचुदानं निळी झालेली नखं,
तीन तीन दिवस न उतरणारी,
ते नाही म्हणाल्या.

बूच मी खिशात टाकलं.

परतताना खाजणाच्या कडेला
विसावा दिसला, एकटा, एका पायावर.
गाडी हळू केली.
मागे बाई झोपल्या होत्या.