पस्तीस अक्षरं

एका ओळीत पस्तीस अक्षरं. दोन ओळी.
पडद्यावर जास्तीत जास्त सहा सेकंद.
तेवढ्यात माणूस मारायचा असतो
किंवा माफ करायचा.

भांडारकर रस्त्यावरच्या तळघरात आमचा फिल्म क्लब,
एकोणचाळीस सभासद, वर्गणी भरणारे अकरा.
सचिव गद्रे म्हणाले, पोर्तुगीज आहे, खूनबीन आहेत,
खाली मराठी ओळी घालून दाखवू, कराल ना?
मानधनाचं बघू नंतर.

पोर्तुगीज मला येत नव्हतं.
फर्मिनो कुलासोंना येत होतं. कॅम्पात,
बेकरीवर दोन जिने चढून, वय अठ्ठ्याऐंशी,
मडगावच्या शाळेत छड्या खाऊन शिकलेलं.
आठ संध्याकाळी आम्ही लॅपटॉपसमोर बसलो.
"ही ब्राझीलची पोरं," ते म्हणायचे,
"तोंडात भात धरून बोलतात."
शिवी आली की चष्मा पुसायचे.
"वाईट शब्द."
"किती वाईट?"
"बराच."
मग शिव्या मी मार्केट यार्डातून आणल्या,
टेम्पो चालवणाऱ्या मावसभावाकडून.
निम्म्या पस्तिसात बसेनात.

बाकी सोपं. फारच सोपं.
पिस्तूल आलं, मी लिहिलं पिस्तूल.
काडतूस, काडतूस.
चावी कुलपात फिरली, ती चावीच.
मेजावर नोटांची थप्पी, ते मेजच.
तुरुंगाला तिकडे आता वेगळा शब्द आहे,
पण आपला तुरुंगही त्यांचाच, फर्मिनो म्हणाले,
मुळात ओंडका, पाय अडकवायचा.
मी आजवर पावापलीकडे
विचारच केला नव्हता.

डबीत दुसरी तबकडी निघाली.
सिनेमा कसा बनवला त्याची. चाळीस मिनिटं.
गद्रे फोनवर म्हणाले, तीही करून टाका जाता जाता.

पिस्तूल लाकडाचं होतं. काळा रंग हाताला लागायचा.
वस्तीतल्या दादाला परवानगीबद्दल
दोन फुटबॉल आणि एक जनरेटर.
पाठलागात दर खेपेला एक कुत्रं मध्ये यायचं,
अकराव्या खेपेला त्यालाही सिनेमात घेतलं.
रक्त साखरेच्या पाकाचं. मेलेल्या माणसावर
मुंग्या चढल्या, आणि मेलेला हसला.
हॅट घातलेला दिग्दर्शक खुर्चीत बसून
सत्याबद्दल बोलू लागला.
फर्मिनो पेंगायला लागले.

मग चौकटीच्या अगदी कडेला एदिवाल्दो.
सिनेमात तीन खून करणारा, पंधरा वर्षांचा,
गळ्यावरचा पाक न धुताच पाव खात बसलेला.
बाहेरच्या कुणाला तरी त्यानं विचारलं,
"कुआंदु के व्हाऊं पगार?"

फर्मिनोंना उठवायला हात पुढे केला
आणि तसाच राहिला.
शेवटचा शब्द मला येत होता.

उत्तर कुणी दिलं नाही.
कॅमेरा परत हॅटकडे गेला.
नऊ वेळा मागे नेऊन बघितलं,
तोंडातला घास गिळून मगच विचारतो तो.

लिहिलं: पगार कधी देणार?
मोकळ्या जागा धरून अकरा. चोवीस उरली.

जाग आल्यावर फर्मिनोंनी विचारलं,
पोराचं पुढे काय झालं?
माहीत नाही, म्हटलं. नामावलीत
नाव आहे, आडनाव नाही.
त्यांनी खिडकी लावली. खालून भट्टीचा वास येत होता.

शनिवारी सव्वीस जण आले.
गद्रे पहिल्या रांगेत, मांडीवर पावतीपुस्तक.
सहा सेकंदांचा नियम मी एकाच जागी मोडला होता.
एदिवाल्दो गेला, हॅट आली,
सत्य म्हणजे, हॅट म्हणाली,
कॅमेऱ्यापुढे माणूस जेव्हा,
आणि खाली तीच ओळ,
पगार कधी देणार?
मागे कुणीतरी हसलं. ओळ हलेना.
गद्र्यांनी वळून
यंत्राच्या दिशेनं, म्हणजे माझ्याकडे, बघितलं.