फर्मास

धैर्यवान मास्तर मोडी शिकवायचे
फोर्टातल्या दप्तरखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथला पंखा वारा देत नाही,
नुसती कागद उडवायची धमकी देतो.
दारावर त्यांच्याच हातची लाल पाटी :
चपला बाहेर. चहा आत आणू नये.

पहिल्या दिवशी म्हणाले, "हात धुऊन ये,"
आणि रुमालाची गाठ सोडली.
आत फर्मान.
फार्सी मजकूर, पाठीवर मोडीत तर्जुमा,
शिक्का केवढा, तर भाकरीएवढा.

"हे यायचं ना, तेव्हा ज्याच्या नावचं असेल
तो वेशीबाहेर सामोरा जायचा, अनवाणी.
आधी कागद कपाळाला, मग वाचन.
काय लिहिलंय ते कळायच्या आत
मान्य करून झालेलं असायचं."

कसरीनं नेमका मधला भाग खाल्ला होता.
कोणी, कोणास, कुठल्या साली : सगळं शाबूत.
'अमुक यांस फर्मान ऐसे जे'
आणि पुढे भोक.
भोकातून टेबलाचं लाकूड दिसत होतं.

तख्त गेलं, शब्द राहिला,
पागडीच्या खोलीतल्या भाडेकरूसारखा.
आता सोसायटीचा सेक्रेटरी फर्मान काढतो,
कबुतरांना दाणे टाकू नयेत.
आमच्याकडे आईचं सुटतं,
येताना कढीपत्ता.
सुटतंच ते. किंवा निघतं.
फर्मान कोणी हातात देत नाही,
ते सुटतं, साखळीतनं कुत्रं सुटावं तसं.

त्या दुपारी फाटकाशी, झिलू परबाच्या टपरीवर
एक कागद डकवलेला, खळ अजून ओली.
"मास्तरानू, जरा वाचून दाखवा. फर्मान इलाहा."

मास्तरांनी चष्मा बदलला.
तीनशे वर्षांचं ओघळतं अक्षर
सरसर वाचणारा माणूस
छापील देवनागरीशी अडखळला :
सदरहू... उपरोक्त... कलमान्वये... निष्कासित...
"म्हंजे?"
"म्हणजे सात दिवस."

झिलूनं कागद कपाळाला लावला नाही.
पातेल्याला उकळी आली होती,
त्यानं आधी ती सांभाळली.
शिक्का जांभळा, अर्धाच उमटलेला.
सही मास्तरांनाही लागली नाही.

बाकड्यावर बसून मग त्यांनी मला
शब्दाची सोयरीक सांगितली :
फर्मावणं, हा बाप. दरडावणारा.
फर्माईश ही त्याची लेक. तिच्या तोंडी
हुकूम मऊ पडला, मागणं झाला.
कोणी मागितली म्हणून मुद्दाम घडवलेली वस्तू
ती फर्माशी, म्हणजे खास,
म्हणजे झकास,
आणि झिजत झिजत...
पेला तोंडाला लावला, डोळे मिटले.
"फर्मास झालाय हो, झिलू."
झिलू म्हणाला, "आलां घातलंय जरा."

आठव्या दिवशी तिथे चार विटांचे चौकोन
आणि चहाच्या चोथ्याचा ओला डाग.
मी वर आले, यादीत नोंद केली :
फर्मान एक. मजकूर खंडित.

त्यानंतर कितीतरी दिवस
मास्तर दोन वाजता घड्याळ बघायचे
आणि पुन्हा भिंगात डोकं घालायचे.

मग एका मंगळवारी
जिन्यात किटलीची कडी वाजली.
कोणाची, ते त्यांना पायरवावरून कळलं असावं.
रुमाल बांधला नाही, भिंग तसंच उघडं ठेवून
मास्तर उठले,
लाल पाटी ओलांडून, चपला न घालताच
जिन्याच्या वळणापर्यंत गेले.

कुठे होतास, कसा आलास, पुढे काय,
काहीच आधी विचारलं नाही.
दोन्ही हातांनी पेला घेतला.

"साखर कमी पडली हा," झिलू म्हणाला.
"असू दे," मास्तर म्हणाले.