परत सांगा

सोहारमध्ये सतरा वर्षं मी मान हलवली.
फोरमन अरबीत बोलला, हलवली.
सेफ्टीवाला इंग्रजीत, तेव्हाही.
क्लिनिकात डॉक्टरने गोळ्यांची पट्टी पुढे सरकवत
मल्याळी वळणाच्या हिंदीत विचारलं, समजा ना?
समजा.

लेक माझी, रुमाना, नववीतली.
शुक्रवारी शाळेच्या लॅबमध्ये जायला लागली
आणखी अकरा पोरांबरोबर.
सूसम्मा सिस्टर शिकवतात:
पट्टा दंडावर कसा बांधायचा,
मोजताना गप्पा नाहीत,
चाचा म्हणायचं, घाबरवायचं नाही.
पहिल्याच आठवड्यात तिने लोणच्याच्या बरणीवरचं
मीठ मोठ्याने वाचलं.
तिची आई म्हणाली, वाचलंस ना, आता वाढ.

मग कॅम्प.
मीच नेलं पिकअपमधून, रिफायनरीच्या वासातून,
दुपारच्या सुट्टीत, पत्र्याची सावलीही भाजते तेव्हा.
पिवळ्याच्या सहा छटांचा कागद
संडासाच्या दारामागे चिकटवताना
वेल्डर हसले.
निहार कानापर्यंत लाल झाला,
पण कागद तिरका लागला म्हणून काढून पुन्हा लावला.
गाझीपूरचा एक पोरगा आत गेला, बाहेर आला,
कुणाकडे न बघता कूलरपाशी जाऊन
दोन ग्लास प्यायला.

रुमाना प्रत्येकाला सगळं सांगून झालं की म्हणे,
अब आप मुझे बताइए.
माणसं मान हलवत.
ती थांबून राही.
मी गाडीत बसून बघत होतो,
एसी चालू, काच वर.

रात्री तिने माझा दंड मागितला.
एकशे अठ्ठ्याहत्तर. खालचं एकशे चार.
मशीन चुकलं, मी म्हटलं.
पाच मिनिटं थांबून तिने पुन्हा मोजलं.
गोळ्या कुठायत?
कपाटात, पासपोर्टच्या पिशवीत,
दोन महिन्यांच्या, एकही न फोडलेली.
व्हिसाचं मेडिकल जवळ आलंय, म्हटलं,
कुठे नाव चढलं तर?
हे सिस्टरने शिकवलं नव्हतं.
ती जरा गप्प झाली. मग म्हणाली,
मला नाही माहीत. विचारून येते.
गोळीचं मात्र माहितेय.
आणि सांगितलं, रोज, त्याच वेळी,
बरं वाटलं तरी सोडायची नाही,
डोकं दुखायची वाट बघायची नाही.

समजलं, मी म्हटलं.
मान आपोआप हलली.

ती उठली नाही. मशीन मांडीवर तसंच.
परत सांगा, अब्बा.

सकाळी एक, मी म्हटलं.
आणि अडलो.
जेवणाच्या आधी, की नंतर?