खोडरबर

तुर्कूच्या या वाद्यवृंदात मी वाजवत काहीच नाही.
तळघरात बसते. स्वरलिपींची कपाटं सांभाळते,
आणि प्रत्येक वादकाच्या पानावर
गज कुठे खाली, कुठे वर, ते पेन्सिलीने मांडते.
खाली म्हणजे उंबरा नसलेली चौकट,
वर म्हणजे लहान मुलाने काढलेलं पाखरू.
एकतीस वर्षं चौकटी आणि पाखरं काढली
वेइक्को हालोनेनच्या सांगण्यावरून,
आणि जवळजवळ तितकीच खोडली,
कारण त्याचं मन रात्रीतून बदलायचं.

संचालकाने एवढ्यात पडू नये, व्हायोलावाले कुरकुरत.
पण तो आधी व्हायोलिनवाला होता.
डाव्या जबड्याखाली तपकिरी डाग, सुपारीएवढा.
दाढी करताना तिथून वळसा घालून जायचा,
जसं काही तिथे अजून कुणी टेकलेलं आहे.
हेलसिंकीत पहिल्या बाकावर बसायचा म्हणे.
मग एका हिवाळ्यात डावी करंगळी
ऐकेनाशी झाली. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं,
उपाय नाही सांगितला.
त्याने व्हायोलिन पेटीत ठेवलं, राळेचा खडा कुणाला तरी देऊन टाकला,
उजव्या हातात छडी घेतली.
डावा हात मात्र बेकार झाला,
बंदरावर उगाच येऊन बसणाऱ्या खलाशासारखा.
संथ जागा आली की बोटं कोटाच्या कडेवर
थरथरायची, तार शोधत.
तिसऱ्या बटणापाशी कापड झिजलं होतं.
मला दिसायचं ते. मी विंगेत उभी असायचे,
जादा प्रती आणि खोडरबर घेऊन.

त्याचे वडील, आर्मास, गोदीत रिव्हेट ठोकायचे.
चाळीस वर्षांत कान गेले. पार गेले.
तरी प्रत्येक मैफलीला यायचे, तिसऱ्या रांगेत,
अंगात लग्नातला कोट, खिशात खारट काळ्या गोळ्या,
आणि टाळ्या सगळ्यांच्या नंतर,
शेजारणीच्या हातांकडे बघून.
एकदा कागदावर लिहून विचारलं, काय आवडतं तुम्हाला?
ते ओरडूनच बोलले, अख्ख्या जिन्याने ऐकलं:
‘सगळ्यांचे गज एका वेळी एकाच बाजूला जातात.
आमच्या गोदीत असं कधी झालं नाही.’

तेव्हा कळलं मला
त्या रात्रीत बदलणाऱ्या चौकटींचं.

म्हातारा गेला तो मार्च. औरा नदी अजून गोठलेली.
सोमवारी वेइक्को तळघरात आला,
बुटांवरचं बर्फ न झटकता.
संथ भागाच्या शेवटच्या पानावर बोट ठेवलं.
‘इथलं सगळं पुसून टाक.
ज्याने त्याने आपला गज न्यावा, हवा तिकडे.’
पंचवीस बाकं, पंचवीस पानं. दोन खोडरबर संपले.

गुरुवारी वाजलं ते. दिसायला भयंकर,
वारा सुटल्यावर दोरीवरच्या कपड्यांसारखं.
पण आवाज कुठेच तुटला नाही.
एकाचा गज वळायचा, तेव्हा दुसऱ्याचा
अजून अर्ध्या वाटेत असायचा.
तिसऱ्या रांगेतली ती खुर्ची त्याने विकू दिली होती.
तिथे एक बाई पर्समध्ये चष्मा शोधत होती.

आता वेइक्कोही नाही. दोन वर्षं झाली.
नवी संचालिका आली आहे, इन्केरी, ओउलूची, तिशीतली.
तीही व्हायोलिनवाली. बरी आहे.
फक्त खुणा निळ्या पेन्सिलीने करते,
आणि निळं नीट निघत नाही.

काल तेच पान समोर धरून म्हणाली,
‘सिर्का, हे कोरंच राहिलं की.’
मी म्हटलं, कोरं नाही, पुसलेलं आहे.
दिव्याखाली तिरकं धर.
तिने धरलं. कागदात रुतलेल्या चौकटी,
एकावर एक बसलेली पाखरं.
बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, पेन्सिल आहे का गं?

थांब, शोधते, म्हटलं.

माझ्या कानावरच होती.