काचेवर टिचकी

विचिटा, कॅन्सस. जानेवारी. बाहेर वारा असा
की पार्किंगमधल्या गाड्या जागच्या जागी हलतात.
आत, तिसऱ्या मजल्यावर, मी
एका दोन इंजिनी विमानाचं पोट लिहितेय:
कुठल्या तारेवर कुठला दिवा, कुठल्या पंपामागे कुठली झडप,
तेल किती गारठलं की दाब किती चढतो.
अकरा महिने. डोळ्यांत तेल घालून.

आज डेल्मर उनरू आलाय.
वय एकोणऐंशी, चष्म्याला दोरी, अंगठ्याचं नख काळं.
एकेचाळीस वर्षं त्याने काटे दुरुस्त केले
इथून चार मैलांवरच्या शेडमध्ये,
जिथे आता सोफ्यांचं गोदाम आहे.

खुर्चीत बसला. काही बोलला नाही.
उडाला, चार हजार फुटांवर सरळ झाला
आणि अल्टिमीटरकडे बघत राहिला,
सोनार दुसऱ्याने घडवलेल्या पाटलीकडे बघतो तसा.

"काटा सांगकाम्या आहे," म्हणाला.
"विचारायच्या आत उत्तर देतो.
खरा आधी अडतो जरा."

मी म्हटलं, आकडे पुस्तकातलेच आहेत,
दशांश चिन्हानंतर चार घरं.

"असतील. पुस्तकाला घर्षण नसतं."

मग तो सांगत गेला, मी लिहून घेत गेले.
चढाचा वेग दाखवणारा काटा सहा सेकंद उशिरा जागा होतो,
त्याच्या मागे धावायचं नाही.
उत्तरेकडून वळताना होकायंत्र आधी उलटं जातं,
रुसल्यासारखं, मग येतं.
ढगात इंधनाचे काटे डुचमळतात,
कारण टाकीतलं इंधन डुचमळतं, दुसरं काय.
आणि व्हॅक्यूम पंप मेला
तर क्षितिज लगेच पडत नाही.
जायरो फिरत राहतो, निव्वळ सवयीने,
दोन मिनिटं, तीन मिनिटं, मग किंचित कलतो,
आणि त्याच्यावर भरवसा ठेवून तूही कलतेस.

"एकदम मेलेलं यंत्र परवडलं," डेल्मर म्हणाला,
"हळूहळू मरणारं सोबत घेऊन जातं."
एक नाव घेतलं. मला नीट ऐकू आलं नाही,
परत विचारलं नाही.
मग घड्याळाकडे बोट केलं:
"हे बंद ठेव. आमच्या एकाही विमानात ते चालत नव्हतं."

उतरायला लागला.
दोन हजारांवर, नकळत,
मधल्या बोटाचं पेर अल्टिमीटरच्या काचेवर वाजवलं.
दोनदा.
काच कसली, पडदा तो.
पडदा पाण्यासारखा हलला. काटा नाही.
त्याने हात मागे घेतला,
चुकून परक्या दाराची कडी वाजवल्यासारखा.

इचलकरंजीत आमच्या घरी
रेडिओला थाप मारल्याशिवाय सातच्या बातम्या लागत नसत.
आई कणकेच्या हातानेच मारायची.
डाव्या कोपऱ्यावर पांढरा पंजा, वाळलेला,
रविवारपर्यंत.

सगळे गेल्यावर बसले.
आधी काटा अडवला: पंधरा फूट, वीस,
थंडीत तीस.
मग नऊ ओळी, कुणी न मागितलेल्या:
त्या जागी बोट वाजलं
तर काटा सुटावा.

बदलाचं कारण विचारणाऱ्या चौकटीत
"अचूकता कमी केली" असं लिहिलं. पुसलं.
"वाढवली" लिहिलं. तेही पुसलं.
चौकट रिकामी चालत नाही, म्हणून शेवटी लिहिलं
"डेल्मर म्हणाले."

वाऱ्याने खिडकी थरथरतेय.
दोन हजारांवर येऊन मी टिचकी मारते.
काटा दचकतो, अठरा फूट खाली येतो,
थांबतो.
पुन्हा मारते. आता हलत नाही.
आता तो खरं सांगतोय.

मग घड्याळ आठवलं.
बंद केलं, अकरा चाळीसवर.
तेव्हा खरोखर तेवढेच वाजले होते.