पिलबाग

तुमविने नाव त्याचं.
पॅकिंग शेडातल्या बाया हसून म्हणतात,
"तुमवीन काई होत नई रे भाऊ आमचं."
तो चिनावलला आलाय ठिबक शिकायला;
केळीचं त्याला मी काय शिकवणार?
त्यांच्याकडे ती हिरवीच शिजवतात, पानात बांधून.

काल त्याच्या देशात मतदान.
नेट बंद.
बहीण कोमुगिशा रांगेत उभी,
हा शेवटचा मेसेज पहाटेचा.
त्याच्या उत्तरापुढे एकच करडी खूण.
दुपारभर व्हॉल्व्ह उघडत-मिटत राहिला,
ज्या ओळींना पाणी नको त्यांनासुद्धा.

मग घड उतरलेलं खोड तोडताना म्हणाला,
मोडक्या हिंदीत,
"केला समझदार है. एक घड, बस.
फिर पिल्लू को जगह.
हमारा साहेब, मैं पैदा नहीं था,
तब से खडा है."

मी हसलो. मग आठवलं,
एकोणतिशी गाठली,
आणि सरपंचासाठी एकदाही
शाई लागली नाही माझ्या बोटाला.
दोन्ही खेपा बिनविरोध.
पारावर पेढे, डीजे,
ट्रॅक्टरवर नाचणाऱ्यांत पहिला मीच.

"बिनविरोध म्हणजे?" त्यानं विचारलं.
मला हिंदी सुचेना.

रात्री साडेनऊला दुसरी खूण उमटली.
उत्तर नाही, नुसती खूण.
त्यानं फोन माझ्यापुढे धरला, दोन्ही हातांनी,
दिवा धरावा तसा.
मी बोटं पँटला पुसत होतो.
केळीचा चीक वाळून काळा पडलेला,
साबणानं जात नाही तो.